वेळापत्रकातून गळणारी गावे

इंग्रजी वर्ष संपत आले की घरोघरी भिंतीवर नवी दिनदर्शिका लागते. तीत तिथी मागेपुढे होतात, अधिकमास आला तर सणवार महिनाभर लांबतात; परंतु आषाढीची यात्रा पंढरपुरासच भरणार आणि सोमवतीची जेजुरीसच, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसतो. देव आपले ठाणे सोडीत नाहीत. मोटारशर्यतींच्या जगातही दरवर्षी असेच एक पंचांग प्रसिद्ध होते. ‘फॉर्म्युला वन’ या नावाने जागतिक अजिंक्यपदाची जी शर्यतमालिका चालते, तिचे ते वेळापत्रक. या पंचांगाची गंमत म्हणा वा दुःख म्हणा, ते असे, की त्यात तिथीपेक्षा क्षेत्रच अधिक अनिश्चित असते. यंदा ज्या गावी लाखभर माणूस लोटला, त्या गावाचे नाव दोन वर्षांनी यादीत असेल की नाही, हे त्या गावालाही सांगता येत नाही.

या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते विद्यार्थ्यांमुळे. वरच्या वर्गांतील मुलांना या शर्यतींचे भारी वेड. बेल्जियमची राजधानी सांगताना अडखळणारा मुलगा त्याच देशातील स्पा-फ्रँकोर्शां येथील वळणांची नावे क्रमाने आणि बिनचूक सांगतो! आम्हांस स्वतःला त्या कर्णकर्कश आवाजाची गोडी नाही. तथापि एखादे गाव पिढ्यान्‌पिढ्या एका गोष्टीसाठी ओळखले जावे आणि एका कराराची मुदत संपताच ती ओळख पुसली जावी, हा केवळ खेळाचा प्रश्न नव्हे, असे आम्हांस वाटते.

या अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडातील सिल्व्हरस्टोन येथे झाली. दुसऱ्या महायुद्धात तेथे विमानतळ होता. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या धावपट्ट्यांचा शर्यतीसाठी उपयोग करण्यात आला. त्या वर्षी एकंदर सात शर्यती झाल्या. ब्रिटन, मोनॅको, स्वित्झर्लंड, बेल्जियम, फ्रान्स व इटली या सहा देशांत सहा, आणि सातवी अमेरिकेतील इंडियानापोलिसची. यांपैकी एकाही वर्षाचा खंड न पडता शर्यत भरविणारे देश दोनच राहिले, ब्रिटन आणि इटली. ज्या फ्रान्सने १९०६ साली ल मां येथे शर्यत भरवून ‘ग्राँ प्री’ हे नावच जगाला दिले, त्या फ्रान्समध्ये २०२२ नंतर ही शर्यत झालेली नाही. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली जेथे आपल्या मोटारीचे एकस्व घेतले, त्या जर्मनीचे नाव २०२० नंतर यादीतून गेले. माहेरच्याच माणसांना पंगतीत पान नसावे, तसा हा प्रकार झाला.

शर्यतमार्ग यादीतून गळणे ही गोष्ट नवी नाही. मात्र पूर्वी त्याचे कारण बहुधा मृत्यू हे असे. १९५५ च्या जूनमध्ये ल मां येथील दुसऱ्या एका शर्यतीत मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली आणि बर्नजवळचा ब्रेमगार्टनचा मार्ग कायमचा सुना झाला. जर्मनीतील नुर्बुर्गरिंग हा डोंगरझाडीतून जाणारा मार्ग २२ किलोमीटरांहून लांब होता. १९७६ साली तेथे निकी लाउडा हा चालक जळत्या मोटारीत अडकला आणि त्याला बाहेर काढण्यास प्रथम धावले ते मागून येणारे त्याचे प्रतिस्पर्धीच. त्या लांबलचक मार्गावर ही शर्यत पुन्हा कधी झाली नाही. स्पाचा जुना मार्ग सुमारे १४ किलोमीटरांचा, खेड्यांमधल्या सार्वजनिक रस्त्यांवरून जाणारा. तोही १९७० नंतर सोडून द्यावा लागला आणि १९८३ साली सुमारे सात किलोमीटरांच्या नव्या रूपात तो परतला. या निर्णयांमागे माणसाच्या जिवाची किंमत होती. त्यांविरुद्ध कोणी हळहळले असेल, तक्रार कोणी करू शकत नव्हते.

आजचे कारण निराळे आहे. जत्रेत पाळणा लावावयाचा तर मक्ता घ्यावा लागतो, हे आपण जाणतो. येथे मात्र उलटा न्याय आहे: गावानेच पाळणेवाल्यास मक्त्याची रक्कम मोजावयाची, तेव्हा तो गावात येणार. या मालिकेचे व्यापारी हक्क ज्या कंपनीकडे आहेत, ती जानेवारी २०१७ पासून अमेरिकेतील लिबर्टी मीडियाच्या मालकीची आहे. त्यापूर्वी कित्येक वर्षे बर्नी एक्लस्टन या इंग्रज गृहस्थांच्या हाती तिची सूत्रे होती. वेळापत्रक ही कंपनी जुळविते आणि आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची परिषद त्यावर मान्यतेची मोहोर उठविते. प्रत्येक ठिकाणचा आयोजक कंपनीला दरसाल ठरीव रक्कम देतो. दूरचित्रवाणीचे हक्क कंपनीचे, मार्गालगतच्या जाहिरातींचे उत्पन्न बहुतेक ठिकाणी तिचेच. आयोजकाच्या पदरात मुख्यत्वे पडतात ते तिकिटांचे पैसे. कंपनीच्या मिळकतीतील रुपयामागे चार आण्यांहून जास्त हिस्सा या मक्त्यांतूनच येतो. मग ज्याची थैली जड, त्याचे नाव यादीत वर, हे ओघानेच आले.

तिकिटांच्या विक्रीवर हा मक्ता भागविणे किती अवघड आहे, याचे उदाहरण सिल्व्हरस्टोननेच घालून दिले आहे. तो शर्यतमार्ग ब्रिटिश शर्यतचालकांच्या एका जुन्या क्लबाच्या मालकीचा आहे. सरकारी तिजोरीचा आधार त्यास नाही. २००८ साली एक्लस्टन यांनी ब्रिटनची शर्यत २०१० पासून डॉनिंग्टन येथे हलविण्याचे जाहीर केले. डॉनिंग्टनला पैसा उभा करता आला नाही, आणि २००९ च्या डिसेंबरात शर्यत पुन्हा सिल्व्हरस्टोनच्या पदरात आली, ती सतरा वर्षांच्या कराराने. गावात साखर वाटण्यासारखी गोष्ट! परंतु करारात एक कलम होते: मक्त्याची रक्कम दरसाल शेकडा पाचने वाढावयाची. आमच्या आठवीच्या मुलांना चक्रवाढव्याजाचे गणित शिकविताना आम्ही आता हेच उदाहरण देतो. २०१० साली १ कोटी १५ लक्ष पौंड असलेली रक्कम २०१७ साली १ कोटी ६२ लक्ष झाली, आणि मुदत संपेपर्यंत, म्हणजे २०२६ साली, ती अडीच कोटींवर जाणार होती. इंग्लंडात या शर्यतीला प्रेक्षकांची वाण कधीच नव्हती. तीन दिवस मिळून तीन लाखांहून अधिक लोक येत. तरीही क्लबाला २०१५ साली २८ लक्ष आणि २०१६ साली ४८ लक्ष पौंडांचा तोटा सोसावा लागला. सज्जा प्रेक्षकांनी भरलेला आणि गल्ला रिकामा, असा हा विलक्षण योग. अखेर जुलै २०१७ मध्ये क्लबाने करारातील सुटकेचे कलम वापरून २०१९ नंतर आपणांस हे झेपणार नाही असे कळविले.

पुढे काय झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. जन्मस्थानच यादीतून गेले तर शोभा होणार नाही, हे नव्या मालकांसही उमगले असावे. जुलै २०१९ मध्ये नवा करार झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची मुदत २०३४ पर्यंत वाढली. सिल्व्हरस्टोन वाचले, कारण ‘नाही’ म्हणण्याइतके त्याचे वजन होते. प्रत्येक गावाचे वजन तेवढे नसते.

नेदरलंडमधील झांडफोर्टची गोष्ट पाहा. उत्तर समुद्राच्या काठी, वाळूच्या टेकड्यांमध्ये वसलेले हे पर्यटकांचे गाव. १९४८ पासून तेथे शर्यती होत होत्या. १९८५ साली तेथील अजिंक्यपदाची शर्यत बंद पडली, मार्गाचा काही भाग विकला गेला. पुढे मॅक्स व्हेर्स्टापेन या तरुण डच चालकाचा उदय झाला आणि सारा देश नारिंगी कपडे घालून त्याच्यामागे धावू लागला. ३६ वर्षांच्या खंडानंतर २०२१ साली शर्यत परतली, आणि पहिली तीन वर्षे तो घरचाच मुलगा जिंकला. गावचे रस्ते अरुंद असल्यामुळे लोक आगगाडीने आणि सायकलींनी येत. एवढी गर्दी, एवढा उत्साह. तरी डिसेंबर २०२४ मध्ये आयोजकांनी जाहीर केले की २०२६ ची शर्यत ही शेवटची. त्यांच्यामागे सरकारी अनुदान नव्हते, जोखीम सगळी खाजगी पैशाची होती. एक वर्षाआड शर्यत घेण्याचा पर्यायही त्यांच्यापुढे होता, पण भरल्या मैफलीतून उठून जावे हे त्यांनी अधिक पसंत केले. या निर्णयाचे आम्हांस कौतुक वाटते. मागणी असतानाच दुकान बंद करण्याचे धैर्य व्यापारात क्वचितच आढळते.

‘एक वर्षाआड’ हा पर्याय स्पाने मात्र पत्करला. आर्देनच्या अरण्यातील हा मार्ग चालकांच्या विशेष प्रीतीतला. तेथील ‘ओ रूज’चा उतार आणि पुढची चढण यांची छायाचित्रे जगभर पोहोचली आहेत. असे असूनही २००३ साली तंबाखूच्या जाहिरातींवरील कायद्यामुळे आणि २००६ साली आयोजकांच्या अडचणींमुळे व दुरुस्तीच्या कामांमुळे तेथे शर्यत झाली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये जो नवा करार झाला, त्यानुसार २०२६, २०२७, २०२९ व २०३१ या वर्षी शर्यत होईल. २०२८ व २०३० ही साले कोरी राहतील. आंब्याला जसा एका साली बहर आणि एका साली आडसाल, तसे.

वरवर पाहता यात वावगे काही नाही. अजिबात नसण्यापेक्षा एक वर्षाआड बरी, असे कोणीही म्हणेल. वेळापत्रकात जागा मोजक्याच आहेत: २०२४ आणि २०२५ साली प्रत्येकी २४ शर्यती झाल्या, आणि याहून अधिक ओझे संघांतील यांत्रिक, सामान वाहणारे, घरदार सोडून वर्षभर फिरणारे कामगार उचलू शकणार नाहीत. नव्याला जागा द्यावयाची तर जुन्याला सरकावे लागणारच. पण इतिहास काय सांगतो? ब्रिटनमध्ये १९६४ पासून सिल्व्हरस्टोन आणि ब्रँड्स हॅच ही दोन ठिकाणे आळीपाळीने शर्यत घेत. १९८६ नंतर ब्रँड्स हॅचची पाळी पुन्हा आली नाही. जर्मनीत नुर्बुर्गरिंगचा नवा, आखूड केलेला मार्ग आणि हॉकेनहाइम यांच्यात २००८ पासून अशीच वाटणी झाली. २०१५ साली नुर्बुर्गरिंगची पाळी होती, त्याला ती झेपली नाही, आणि त्या वर्षी जर्मनीत शर्यतच झाली नाही. २०१७ सालीही तेच. २०१९ नंतर हॉकेनहाइमही गेले. नुर्बुर्गरिंगवर २०२० साली एक शर्यत झाली खरी, पण ती साथीच्या वर्षी बिघडलेले वेळापत्रक भरून काढण्यासाठी, ‘आयफेल ग्राँ प्री’ या निराळ्या नावाने. आळीपाळीची ही तडजोड म्हणजे बहुतेकदा दाराबाहेर पडण्यापूर्वीचा उंबरठा ठरलेला आहे.

त्यातून स्पासारख्या ठिकाणी शर्यत ही तीन दिवसांची करमणूक नसते. आसपासचे शेतकरी त्या आठवड्यात आपली कुरणे तंबूंसाठी भाड्याने देतात. खाणावळी व छोटी वसतिगृहे तेवढ्या दिवसांवर वर्षाचा ताळा जमवितात. मार्गावर झेंडे दाखविणारे, अपघातात धावून जाणारे मार्शल हे बहुतांशी हौसेने काम करणारे स्थानिक लोक असतात. आमच्या शाळेत स्नेहसंमेलन एक वर्ष चुकले तर पुढल्या वर्षी पडदा कोण ओढणार येथपासून तयारी करावी लागते. मग इतक्या जोखमीचे काम दोन वर्षांतून एकदा केल्याने हात कसा सरावाचा राहणार?

इटलीतील इमोलाच्या वाट्याला तर अर्धी पाळीही आली नाही. १९८१ ते २००६ पर्यंत तेथे शेजारच्या सान मारिनो या चिमुकल्या प्रजासत्ताकाच्या नावाने शर्यत होत असे, कारण इटलीची शर्यत मोंझाकडे होती. १९९४ साली लागोपाठच्या दोन दिवशी रोलँड रात्सेनबर्गर आणि आयर्तोन सेना या चालकांचा मृत्यू झाला तो याच मार्गावर. २०२० साली शर्यत परतली, २०२३ ची महापुरामुळे रद्द झाली, आणि २०२५ नंतर करार पुढे सरकला नाही. २०२६ च्या वेळापत्रकात स्पेनच्या राजधानीत, माद्रिदच्या प्रदर्शन-मैदानाभोवती आखलेला नवा मार्ग आला, तोही दहा वर्षांच्या कराराने.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जागतिक म्हणविणारी स्पर्धा युरोपच्या चार देशांतच फिरत राहावी, असे आमचे म्हणणे नाही. बाहरीनने २००४ साली, अबु धाबीने २००९ साली, बाकूने २०१६ साली आणि जेद्दाहने २०२१ साली आपली दारे उघडली, त्यात गैर ते काय? आफ्रिका खंडात तर १९९३ च्या क्यालामीनंतर एकही शर्यत झालेली नाही, आणि ती व्हावी असे आम्हांसही वाटते. आक्षेप आहे तो एवढाच, की या नव्या यजमानांमागे राज्यसत्तेची तिजोरी उभी असते आणि जुन्या गावांमागे तिकिटांची खिडकी. हा सामना बरोबरीचा नाही.

बरे, सरकारची तिजोरी पाठीशी असली म्हणजे निश्चिंती असते, असेही नाही. सत्ताधाऱ्यांचे मन पालटते, आणि शेजारचे सरकार अधिक उत्साही निघू शकते. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडने १९८५ पासून अकरा वर्षे शर्यत उत्तम सांभाळली. डिसेंबर १९९३ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने ती मेलबर्नला नेण्याचे जाहीर केले आणि १९९६ पासून ती अल्बर्ट पार्कच्या तळ्याभोवती होऊ लागली. अ‍ॅडलेडचे लोक तर चिडलेच, पण मेलबर्नचेही कित्येक नागरिक आपले सार्वजनिक उद्यान वाचविण्यासाठी रस्त्यावर आले! मलेशियाने १९९९ साली सेपांग येथे मोठ्या थाटात आरंभ केला. खर्च वाढला, तिकिटे खपेनात, म्हणून कराराचे एक वर्ष शिल्लक असतानाच २०१७ साली तिने हात धुतले. दक्षिण कोरियातील यॉन्गामचा करार सात वर्षांचा, शर्यती झाल्या चार.

आणि आपले काय? आपल्या देशाने तर पाचांच्या करारात तीनच साले काढली. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’ हा पाच किलोमीटरांहून किंचित लांब मार्ग जेपी समूहाने बांधला. त्याचा आराखडा हेर्मान टिल्के या जर्मन वास्तुविशारदाचा. योगायोग असा, की सेपांग आणि यॉन्गाम यांचे आराखडेही त्यांचेच. ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली शर्यत झाली. नारायण कार्तिकेयन हा आपला चालक तीत धावला, तेव्हा क्रिकेटखेरीज अन्य खेळाचे नाव न काढणाऱ्या घरांतूनही दूरचित्रवाणीपुढे माणसे बसली होती. २०११, २०१२, २०१३ अशी तिन्ही वर्षे सेबास्तियन फेटेल जिंकला. तिसऱ्या वर्षी तर त्याचे चौथे जागतिक अजिंक्यपद याच मार्गावर निश्चित झाले.

मार्ग चांगला होता, याविषयी दुमत नाही. अडले ते एका साध्या प्रश्नावर: हा खेळ की तमाशा? खेळ म्हटला तर जकातीत व करांत सवलत. तमाशा म्हटला तर करमणूक कर. केंद्रीय क्रीडाखात्याने यास खेळ मानण्याचे नाकारले. पहिल्या शर्यतीपूर्वीच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिकिटांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा वेगळा ठेवण्याचा आदेश झाला. शिवाय मालिकेच्या परदेशी कंपनीला येथील उत्पन्नावर प्राप्तिकर लागतो की नाही, हा वाद होताच. २०१४ च्या वेळापत्रकात भारताचे नाव नव्हते. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कर लागतो. तोवर शर्यत जाऊन तिसरे वर्ष उलटून गेले होते. या भागात जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांचा असंतोष पहिल्या शर्यतीच्याही आधीपासून धुमसत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये थकबाकीपोटी समूहाला दिलेल्या जमिनीचे वाटपच प्राधिकरणाने रद्द केले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच मार्गावर मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. पुढची दोन्ही वर्षे तीही आली नाही.

सरकारने अशा गोष्टींवर पैसा खर्च करावा की नाही, याविषयी मतभेद राहणारच. शाळेच्या छपरासाठी वर्षानुवर्षे अर्ज करणाऱ्या आमच्यासारख्यांचे मत काय असेल, हे निराळे सांगावयास नको. पण ज्यांच्या जमिनीवर मार्ग बांधला, त्यांना निदान तो चालू राहील एवढी तरी खात्री असावयास हवी होती.

आमच्या हैदराबादच्या वाचकांना यातील अनिश्चिततेची चव अगदी दाराशी घेता आली. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठच्या रस्त्यांवर ‘फॉर्म्युला ई’ या विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या, निराळ्या मालिकेची शर्यत झाली. सुमारे पावणेतीन किलोमीटरांचा मार्ग. त्यासाठी भर शहरातील रहदारी कित्येक दिवस दुसरीकडे वळवावी लागली. दुसरी शर्यत १० फेब्रुवारी २०२४ रोजी ठरली होती. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच शर्यत रद्द झाल्याचे जाहीर झाले. करार पाळला गेला नाही अशी संयोजकांची तक्रार, करारच राज्याच्या हिताचा नव्हता असे नव्या सरकारचे म्हणणे. २०२४ च्या अखेरीस त्या व्यवहारातील पैशांची चौकशीही सुरू झाली. तळ्याकाठच्या त्या रस्त्यावरून आता पुन्हा बसगाड्या आणि रिक्षा धावतात.